शाळेने कौन्सिलला कळवलंय, गुरुवारी सोशल वर्कर घरी येणार आहे. आता काय?

प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नवराबायको दोघं आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर, लंडनजवळ राहतात, मुलगा सात वर्षांचा. पाढ्यांवरून चिडून वहिनींनी, म्हणजे मुलाच्या आईने, स्टीलच्या पट्टीने हातावर मारलं, दुसऱ्या दिवशी मुलाने टीचरला वळ दाखवला, शाळेने कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, रेफरल केला आणि आता सोशल वर्करचा फोन आलाय की गुरुवारी चार वाजता घरी येते. वहिनी दोन दिवस धड जेवलेल्या नाहीत. नवऱ्याने विचारल्यात तीन गोष्टी: मुलाला घेऊन जातील का, व्हिसाचं काय होईल, आणि तोपर्यंत मुलाला आजीकडे साताऱ्याला पाठवून द्यावं का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते कारण त्याला वेळ नाहीये. नका पाठवू. तिकीट काढलं असेल तर कॅन्सल करा, पैसे गेले तर जाऊ देत. का ते पुढे येईलच.

मी पुण्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करून इकडे आले त्याला आता वीस वर्षं होत आली, त्यातली बहुतेक वर्षं इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या चाइल्ड प्रोटेक्शन टीममधेच गेली, म्हणजे गुरुवारी चार वाजता बेल वाजवणारी जी बाई असते ना, ती मी. खाली लिहितेय ते फक्त इंग्लंडचं. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत, तिकडच्यांनी हे जसंच्या तसं धरू नका.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की कुणीतरी तुमच्यावर डूख धरून कम्प्लेंट केलीय. टीचरने वळ बघितला, शाळेत सेफगार्डिंग बघणारी जी मॅडम असते तिला सांगितलं, तिने कौन्सिलला कळवलं. एवढं झालं की पुढे कौन्सिलच्या हातात "जाऊ दे, चांगले लोक दिसतायत" म्हणायची सोय उरत नाही. चिल्ड्रन ॲक्ट १९८९ मधे दोन कलमं आहेत, १७ आणि ४७, तुमची सगळी केस या दोन आकड्यांवर फिरणार आहे म्हणून नीट समजून घ्या. कलम १७ म्हणजे आपल्या हद्दीतल्या गरज असलेल्या मुलांचं भलं बघायची, शक्यतो त्यांच्या घरीच ठेवून मदत करायची कौन्सिलची जबाबदारी. यात असेसमेंट तुमच्या संमतीने होतं. कलम ४७ म्हणजे मुलाला गंभीर इजा होतेय किंवा होऊ शकते अशी शंका यायला सबळ कारण असेल तर कौन्सिलने चौकशी केलीच पाहिजे. यात तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, चौकशी होतेच. त्यामुळे फोनवरच विचारा, "ही भेट १७ खाली आहे की ४७ खाली?" बिनधास्त विचारा, उर्मटपणा वगैरे काही नाही, उलट मला असं कुणी विचारलं की बरंच वाटतं, समोरच्याला कळतंय म्हणून.

शिस्तीत काय होतं ते सांगते. रेफरल आला की एका वर्किंग डेमधे सोशल वर्कर आणि तिचा मॅनेजर ठरवतात की पुढे काय. प्रकरण ४७ चं वाटलं तर पोलीस, आरोग्यवाले आणि कौन्सिल आधी आपापसात बोलतात, त्याला स्ट्रॅटेजी डिस्कशन म्हणतात, आणि त्यात तुम्हाला बोलावत नाहीत. असेसमेंटला जास्तीत जास्त ४५ वर्किंग डे. काळजी करण्यासारखं निघालं तर त्या स्ट्रॅटेजी डिस्कशनपासून १५ वर्किंग डेमधे चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्यांची एकत्र मीटिंग. तिथे मात्र तुम्हाला बोलावतात, रिपोर्ट आधी हातात द्यायचा असतो, सोबत कुणाला आणता येतं. तिथे प्लॅन झाला तर तीन महिन्यांत पहिला रिव्ह्यू आणि नंतर सहा-सहा महिन्यांनी. एकदाच पट्टी मारली, बाकी घर व्यवस्थित, आईबाप मान्य करतायत, अशा केसेस माझ्या अनुभवात कॉन्फरन्सपर्यंत क्वचितच जातात.

आता "घेऊन जातील का". सोशल वर्करला स्वतःच्या अधिकारात मूल उचलून न्यायचा हक्कच नाहीये. घरात जबरदस्तीने घुसायचाही नाही. मूल काढू शकतात फक्त पोलीस आणि कोर्ट. पोलीस कलम ४६ खाली जास्तीत जास्त ७२ तास. कोर्ट इमर्जन्सी प्रोटेक्शन ऑर्डर देतं ती आठ दिवसांपर्यंत, एकदा वाढवून अजून सात. त्यापलीकडे काही हवं असेल तर कौन्सिलला केअर ऑर्डरसाठी (मूल कौन्सिलकडे सोपवायचा कोर्टाचा हुकूम) कोर्टात केस उभी करावी लागते, तिथे मुलाचं हित बघायला कोर्टाने नेमलेला वेगळा गार्डियन असतो, मुलाचा वेगळा वकील असतो, आणि आईवडलांना वकील सरकारी खर्चाने मिळतो, तुमचा पगार कितीही असो. कोर्टात जाण्याआधी कौन्सिलचं जे औपचारिक पत्र येतं ते आल्यापासूनच वकील फुकट आहे, तेव्हा ते पत्र ड्रॉवरमधे टाकून ठेवू नका, मी अशी दोन घरं पाहिलीत.

फक्त एक. ४७ ची चौकशी चालू असताना तुम्ही दारच उघडलं नाही किंवा मूल भेटूच दिलं नाही, तर कायदा कौन्सिलला सांगतो की आता कोर्टात ऑर्डर मागा, नाहीतर ऑर्डरशिवायही मूल सुरक्षित आहे याची खात्री पटवून घ्या. म्हणजे दार बंद करून तुम्ही प्रकरण थांबवत नाही, दोन पायऱ्या वर चढवता. मुलाला साताऱ्याला पाठवण्याचं तेच. कोर्टाची ऑर्डर नसताना मुलाला भारतात नेणं हा काही गुन्हा नव्हे, पण चौकशी सुरू झालीय हे कळल्यावर दोन दिवसांत मूल विमानात बसलं तर समोरच्या टेबलावर त्याचा एकच अर्थ लावला जातो, वळ मिटेपर्यंत मूल लपवलं. मग पोलीस एअरपोर्टला अलर्ट टाकू शकतात, कौन्सिल घाईने कोर्टात जाऊ शकतं, आणि एका पट्टीचा विषय कुठल्या कुठे जातो.

मारण्याबद्दल कायदा काय म्हणतो यावर लोक फार चुकीचं सांगतात. इंग्लंडमधे मुलाला हलकी चापट मारणं अजून पूर्ण बंद नाहीये, चिल्ड्रन ॲक्ट २००४ च्या कलम ५८ मुळे "वाजवी शिक्षा" असा बचाव राहिलाय, पण तो फक्त किरकोळ मारापुरता. वळ उठला, टिकणारी खूण राहिली की बचाव संपला. पट्टी, लाटणं, पट्टा, चप्पल असं काही हातात घेतलं की वाजवी म्हणवून घेणं फारच अवघड. स्कॉटलंडने २०२० मधे आणि वेल्सने २०२२ मधे हा बचावच काढून टाकला, तिकडे चापटही नाही.

"आमच्या संस्कृतीत चालतं" हे वाक्य गुरुवारी उच्चारू नका अशी हात जोडून विनंती. २०१५ मधे हायकोर्टाच्या एका न्यायाधीश बाईंनी भारतातून आलेल्या वडलांच्या केसमधे म्हटलं होतं की नव्याने आलेल्या समाजांच्या वेगळ्या पार्श्वभूमीचा विचार करायला हवा, त्यावर केवढा गदारोळ झाला, आणि लगेच स्पष्ट केलं गेलं की कायदा सगळ्यांना एकच. त्याहून मोठं कारण जुनं आहे. व्हिक्टोरिया क्लिंबिए, आठ वर्षांची, आयव्हरी कोस्टहून लंडनला आलेली, वडलांच्या नात्यातल्या एका आजीकडे राहत होती, फेब्रुवारी २००० मधे गेली. छळून मारली. हॉस्पिटलांनी पाहिलं होतं, पोलिसांना माहीत होतं, अनेक कौन्सिलांकडे नाव होतं. ती आजी समोर आली की ही पोरगी ताठ उभी राहायची, आणि त्याचा अर्थ "त्यांच्याकडे मोठ्यांचा आदर असाच करतात" असा लावला गेला. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मधे आला आणि पुढच्या वर्षीचा कायदा, तोच वर सांगितलेला चिल्ड्रन ॲक्ट २००४, त्यातूनच झाला. इथल्या प्रत्येक सोशल वर्करला ही केस शिकवलेली असते. तुम्ही संस्कृती म्हणालात की तिला ती ताठ उभी राहिलेली मुलगी दिसते.

एक भेट सांगते, तीन-चार घरांचं मिळून, कुणी ओळखायला नको म्हणून. दारात चपला ओळीने लावलेल्या, उदबत्तीचा वास, आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, टेबलावर कांदेपोहे आणि वर ओलं खोबरं. आईचे डोळे सुजलेले. आठ वर्षांचा मुलगा शाळेच्याच युनिफॉर्ममधे सोफ्यावर ताठ बसलेला, मी नाव विचारायच्या आत इंग्लिशमधे सुरू झाला, मम्मी नेव्हर हिट्स मी, आय ॲम व्हेरी हॅपी इन माय होम, एका श्वासात, आणि संपल्यावर मराठीत वळून, "आजी, बरोबर बोललो ना?" मी मराठी आहे हे त्या घराला माहीत नव्हतं, माझं आडनाव नवऱ्याचं आहे. हसू पण आलं आणि पोटात खड्डाही पडला, कारण मला रिपोर्टमधे लिहावं लागलं की मुलाला पढवलेलं दिसतंय. आदल्या दिवशी जी केस १७ वर मिटण्यासारखी होती ती त्या वाक्यानंतर माझ्या मॅनेजरने ४७ वर नेली. मारल्या होत्या दोन चापट्या, महाग पडलं ते पाठांतर.

तेव्हा मुलाला काही शिकवू नका. सोशल वर्कर त्याच्याशी एकट्याशी बोलेल, कदाचित शाळेतच, ४७ असेल तर तुम्हाला न विचारताही. त्याला काय वाटतं हे जाणून घेणं हे कायद्याने तिचं कामच आहे. वहिनींना सांगा जे झालं ते सरळ सांगायचं: मारलं, पट्टीने, एकदा की दोनदा ते खरं, का चिडले, आणि आता त्याऐवजी काय करणार. पॅरेंटिंग कोर्स सुचवला तर "आम्हाला गरज नाही" म्हणू नका, घ्या. पण यात एक मोठा अपवाद. पोलिसांनी वहिनींना इंटरव्ह्यूला बोलावलं तर वकिलाशिवाय एक अक्षर नाही, अगदी "स्वतःहून येऊन भेटा" म्हणाले तरी. पोलीस स्टेशनला ड्यूटी सॉलिसिटर फुकट मिळतो. सोशल वर्करशी मोकळेपणाने बोला हे मी म्हणते ते पोलिसांच्या खोलीला लागू नाही. आणि सोशल वर्करला सांगितलेलं पोलिसांपर्यंत जाऊ शकतं हेही लक्षात असू द्या, म्हणून पोलीस आधीच मधे असतील तर गुरुवारच्या आधी वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या.

भाषेचं पण बघा. वहिनींचं इंग्लिश ऑफिसपुरतं चांगलं असेलही, पण घाबरलेल्या माणसाला परकी भाषा सुचत नाही. दुभाष्या मागा, आणि हिंदीचा पाठवतायत का मराठीचा ते विचारा, सर्रास हिंदीचा पाठवतात. नवऱ्याने बायकोसाठी दुभाष्या व्हायचं नाही, मुलाने तर नाहीच. आपली भाषा कशी घात करते बघा, "थांब, जीव घेईन तुझा", "आज तुला धुतोच", "तंगडं मोडीन", हे आपल्याकडे दिवसातून चारदा म्हटलं जातं आणि म्हणणाराही विसरतो, ऐकणाराही. पोराने शाळेत तेच इंग्लिशमधे सांगितलं की कागदावर येतं, आई म्हणाली तुला मारून टाकेन. मी स्वतः एका मीटिंगमधे पंधरा मिनिटं फक्त "जीव घेईन" चा अर्थ समजावत होते. मराठी सोशल वर्कर प्रत्येक कौन्सिलमधे बसलेली नसते.

कोवळं बाळ असलेल्यांसाठी आणखी एक. आपल्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर, कधी पाठीवर निळसर करडे डाग असतात जन्मतः, ते मारल्याच्या खुणेसारखे दिसतात आणि त्यावरून रेफरल झालेले मी पाहिलेत. जन्मानंतरच्या तपासणीतच त्यांची नोंद बाळाच्या रेड बुकमधे (आरोग्याची नोंदवही) करून घ्या, कुठे आहे किती मोठा आहे सगळं. एक ओळ लिहून घेतलेली असली की पुढची दोन आठवड्यांची धावपळ वाचते.

सगळ्यात जास्त जपायचं ते १९८९ च्याच कायद्यातलं कलम २०. याखाली मूल "स्वेच्छेने" कौन्सिलच्या ताब्यात राहायला जातं, आईबापांच्या सहीने, कोर्टाशिवाय. कधीकधी ते खरंच उपयोगी असतं, आई हॉस्पिटलमधे आहे, घरात दुसरं कुणी नाही, वगैरे. पण पोलिसांचे ७२ तास संपत आले की कागद पुढे सरकवला जातो आणि घाबरलेले आईबाप सही करतात, असं होतं. हॅकनी कौन्सिलविरुद्ध एका जोडप्याची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०१८ मधे निकाल लागला. तिथेही सुरुवात मुलाने वडलांनी पट्ट्याने मारलं असं सांगण्यातूनच झाली होती, आठ मुलं होती, आणि पोलिसांची मुदत संपल्यावरही ती सगळी जवळजवळ दोन महिने घराबाहेर राहिली. आईबाप केस हरले, पण कोर्टाने हे स्वच्छ सांगितलं की पालकाला कलम २० खालचं मूल केव्हाही परत मागता येतं, नोटीस द्यायची गरज नाही. तर कुणीही, कितीही गोड बोलून, सही मागितली तर म्हणा वकिलाला दाखवून देते. आणि मुलाला थोडे दिवस दुसरीकडे ठेवायची वेळ आलीच तर आत्या, मामा, काका जे कुणी इथे असेल त्यांचं नाव तुम्हीच आधी सुचवा, कौन्सिलने नातेवाइकांचा विचार करायचाच असतो.

नात्यावरून आठवलं, हे आपल्या लोकांना जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. सोळा वर्षांखालचं मूल आईवडील सोडून दुसऱ्याकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर कौन्सिलला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आजीआजोबा, सख्खे काका, मामा, आत्या, मावशी, भाऊबहीण असले तर नाही. पण आईची चुलतबहीण आपल्यासाठी मावशीच असली तरी या कायद्याच्या हिशोबात ती परकी. व्हिसाच्या घोळात आईबाप भारतात अडकले आणि मूल तीन महिने "मावशी"कडे, हे मी किमान चारदा पाहिलंय आणि चारही वेळा शाळेकडूनच कळलं.

व्हिसा. सोशल वर्करची भेट, असेसमेंट, अगदी चाइल्ड प्रोटेक्शन प्लॅन सुद्धा, ही गुन्हेगारी नोंद नव्हे. पोलिसांची कॉशन (गुन्हा कबूल करून घेतलेली औपचारिक ताकीद) किंवा कोर्टातली शिक्षा मात्र पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते, म्हणून परत सांगते, पोलिसांकडे कॉशन "किरकोळ आहे, सही करून घरी जा" म्हणून दिली तरी वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. कौन्सिलने कलम १७ खाली काही मदत केली तर ती इमिग्रेशनच्या नियमातल्या पब्लिक फंड्समधे, म्हणजे व्हिसावाल्यांना घ्यायला बंदी असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाही, त्या भीतीने मदत नाकारू नका. वहिनी आयटीतच आहेत म्हणून एक गोष्ट टळली. नर्स, शिक्षिका किंवा नर्सरीत कामाला असत्या तर कौन्सिलच्या एका वेगळ्या अधिकाऱ्यापर्यंत विषय जाऊन नोकरीच्या ठिकाणीही कळवलं जाऊ शकलं असतं. तशा कुणाची केस असेल तर युनियनला पहिल्याच दिवशी फोन करा.

आता दुसरी बाजू, कारण नुसती भीती घालून मला जायचं नाहीये. सोशल सर्व्हिस या शब्दाला घाबरून आपले लोक हक्काचंही सोडतात. कायद्याच्या व्याख्येत अपंगत्व असलेलं प्रत्येक मूल आपोआप गरज असलेलं मूल आहे, ऑटिझम धरून. तुम्ही मागितलं की त्याचं असेसमेंट कौन्सिलला करावं लागतं, आईवडलांच्या थकव्याचं वेगळं असेसमेंट मागता येतं, आठवड्यातून काही तास कुणीतरी मुलाला सांभाळेल अशी सोय होऊ शकते. "होऊ शकते" हा शब्द मुद्दाम वापरला, कारण कलम १७ ची जबाबदारी ही सर्वसाधारण आहे, एका विशिष्ट मुलाला अमुकच द्या असा हुकूम त्यातून निघत नाही, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने २००३ मधेच सांगून ठेवलंय आणि कौन्सिलांचे वकील ते बरोब्बर पुढे करतात. पण अपंग मुलांसाठी १९७० चा वेगळा कायदा आहे, क्रॉनिकली सिक अँड डिसेबल्ड पर्सन्स ॲक्ट, त्याच्या कलम २ खाली गरज एकदा मान्य झाली की सेवा द्यावीच लागते. अर्जात तो कायदा नावानिशी लिहा. उत्तराची भाषा बदलते, अनुभव आहे. माझ्या ओळखीच्या एका आईने सहा वर्षं एकटीने रात्री जागून काढली, का तर "त्यांना घरात घेतलं की ते जात नाहीत" असं कुणी व्हॉट्सॲपवर सांगितलं होतं म्हणून, आणि खाली ती नॉर्वेत भारतीय जोडप्याची मुलं काढून घेतल्याची बातमी जोडलेली. नॉर्वे वेगळा देश आहे हो, कायदा वेगळा, कोर्टं वेगळी.

कौन्सिलही चुकतं, आम्हीही चुकतो. असेसमेंटची कॉपी मागा, त्यात चुकीचं लिहिलं असेल तर लेखी कळवा आणि ते फाइलला लावायला सांगा. एका कुटुंबाच्या रिपोर्टमधे आमच्याच टीमने दुसऱ्याच घरातला दारूचा उल्लेख कॉपीपेस्ट केला होता, त्या वडलांनी आयुष्यात बिअर चाखली नव्हती. त्यांनी शांतपणे ईमेल केला म्हणून तो निघाला. आरडाओरडा केला असता तर रिपोर्टमधे "वडील आक्रमक" अशी अजून एक ओळ वाढली असती, खोटं कशाला बोला. कौन्सिलच्या तक्रारीच्या पायऱ्या आहेत, त्या संपल्या की ऑम्बड्समन, म्हणजे तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी, आहे.

गुरुवारचं म्हणाल तर घर आहे तसं ठेवा. ती फ्रिज बघेल, मूल कुठे झोपतं ते बघेल. तुमच्याजवळ झोपत असेल तर तसं सांगा, त्याची वेगळी खोली रात्रीत सजवू नका, नव्या गादीचं प्लॅस्टिक मी ओळखते. तिचं नाव, टीम आणि मॅनेजरचं नाव लिहून घ्या, निघताना विचारा की पुढे काय आणि कधी कळेल. तुम्ही दोघंही घरी थांबा, पण वहिनींच्या वतीने तुम्ही बोलू नका, ती त्यांना एकटीला काही विचारेल तेव्हा उठून किचनमधे जा. घरात सासूबाई असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की पाहुणी पोह्यांना नाही म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका. चहा मात्र विचारा. चारची भेट म्हणजे बहुधा तिचं त्या दिवसातलं तिसरं घर असतं.